मोड

तीस वर्षं मी वजनकाट्यावर होते,
बीटच्या साखर कारखान्याच्या फाटकापाशी.
ट्रक चिखलासकट यायचे, रिकामे जायचे,
मधला फरक मी वहीत मांडायचे.
आता काटा स्वयंपाकघरात, बशीएवढा,
आणि त्यावर अर्धी पेनी:
०.६८ ग्रॅम.
श्वास रोखावा लागतो, नाहीतर आकडा हलतो.

अर्धी म्हणजे खरोखरच अर्धी.
त्या काळी सुटं नाणं पाडायची रीत नव्हती फारशी.
अख्खी पेनी घ्यायची,
मागच्या क्रुसाच्या रेघेवर कातर ठेवायची
आणि दाबायची.
अंड्यांना अर्धी, मूठभर मिठाला पाव.
‘मोड आहे का’ असं कुणी विचारत नसणार,
मोड करावी लागे.

पाडायचेही कसे?
खाली साचा, वर साचा,
मध्ये चांदीची चकती, आणि हातोड्याचा एक घाव.
हात जरा घसरला
की राजाचा कान नाण्याबाहेर.
माझ्या तुकड्यावर एक डोळा आहे, दोन कुरळ्या बटा,
आणि हेन्रीतला ‘हेन्’.
हा राजा मेला, थोरला मुलगा आला, तोही गेला,
धाकटा आला,
नाण्यावर आपला हेन्रीच.
कुणाला घाई नव्हती.

ग्रिमोल्डबीजवळ वाटाण्याचं शेत होतं,
कापणी उरकलेलं.
सांडलेल्या दाण्यांना मोड आले होते ओळीओळीने.
यंत्र ओरडलं नाही, नुसतं कुजबुजलं.
नेव्हिल म्हणाला, चॉकलेटची चांदी असेल, चल.
मी गुडघ्यांवर बसले तोवर
तो दोन वाफे पुढे.

मागच्या बाजूला टाकसाळवाल्याचं नाव, तेही अर्धं:
‘-आर्ड’.
मग गावाचा फक्त ‘न’.
जेरार्ड? बर्नार्ड? एव्हरार्ड?
नॉरिच, नॉर्थँप्टन, की आमचं लिंकन,
ज्याला तेव्हा निकोल म्हणत?
भांडी घासताना मी त्याला वेगवेगळी नावं लावून बघते.
जेरार्ड जरा चिडका वाटतो.

नेव्हिल गेला तेव्हा वाटणी झाली.
बंदी नाणी त्याला, कारण यंत्र त्याचं,
आणि मोड मला.
वकीलबाई म्हणाल्या, मिसेस डाऊस, हे चालेल ना?
मी म्हटलं, चालेल.
किटलीसुद्धा त्यानेच नेली.

परवा पाकीट आलं, स्कारबरोचा शिक्का.
आत कापसात गुंडाळलेली अर्धी पेनी,
आणि त्याच्या त्या खाली घसरत जाणाऱ्या ओळी:
‘मर्ल, पेटी विकतोय. ही बंद्यांत चुकून राहिली होती.
बघ जुळते का.’

बावीस वर्षं चुकून.

काळ्या फडक्यावर दोन्ही शेजारी ठेवल्या.
माझीचा काप सरळ,
हिचा शेवटाला कलता,
कापणाऱ्याला कुणीतरी हाक मारली असावी.
भिंग धरलं.
हिच्यावरही ‘-आर्ड’.
हिच्यावरही ‘न’.
दोन शेपट्या, डोकं एकही नाही.

हसू आलं, मग जरा वेळ आलं नाही.

नंतर, हाताला सवय म्हणून असेल,
दोन्ही एकदम काट्यावर ठेवल्या आणि श्वास धरला:
१.३९.
भरली की पेनी!
काट्याला कुठे वाचता येतं,
आर्ड कुणाचा आणि कुठला.

पोस्टकार्डावर लिहिलं:
जुळत नाही. वजन भरतं. ठेवून घेतेय.
खाली नुसतं एम.

पोस्टात तिकीट पुन्हा महागलेलं.
पर्स चाचपली, तर एक बंदी नोट.
काउंटरवरची पोरगी म्हणाली,
मोड नाही हो, कार्ड चालेल?

चालेल, म्हटलं.